बिनपंख्याच्या छोट्या पीसीसाठी हीटसिंक कसा निवडायचा

पंखा नसलेला पीसी बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी हीटसिंकचे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हवेत टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यांचे, फोटो बघत बसतात. हा क्रम उलटा आहे. पंख्याचा कूलर थोडा कमी पडला तर पंखा जोरात फिरून वेळ निभावून नेतो. पंखाच नसेल तर निभावून न्यायला कोणी नाही. प्रोसेसर किती उष्णता टाकतो, खोली किती तापते आणि तापलेली हवा कॅबिनेटमधून बाहेर कशी पडते, या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असली की हीटसिंकची निवड सोपी होते. ती नसतील तर कितीही महागडा हीटसिंक आणा, प्रोसेसर शंभर अंशांना टेकणार आणि स्वतःचा वेग कमी करून घेणार.

हा लेख मिनी-आयटीएक्स, म्हणजे १७० × १७० मिलिमीटरच्या मदरबोर्डावर छोटा पीसी बांधणाऱ्यांसाठी आहे. घरी आवाज रेकॉर्ड करणारे, रियाजाच्या खोलीत पीसी ठेवणारे, झोपायच्या खोलीत रात्रभर होम सर्व्हर चालू ठेवणारे, अशा लोकांना शांतता खरोखर हवी असते आणि ती मिळवता येते. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल किंवा रोज तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचे असतील, तर मात्र या वाटेला जाऊ नका. जरा मोठं कॅबिनेट आणि हळू फिरणारा १२० मिमीचा चांगला पंखा तुमच्या जास्त उपयोगाचा आहे.

पहिली पायरी: प्रोसेसरचे खरे वॅट

प्रोसेसरच्या खोक्यावरचा टीडीपी, म्हणजे तो साधारण किती वॅट उष्णता टाकतो ते सांगणारा आकडा, हे अर्धंच सत्य आहे. इंटेलच्या कोअर आय३-१२१०० चा मूळ आकडा ६० वॅट, पण टर्बोमध्ये, म्हणजे वेग तात्पुरता वाढवताना, तो ८९ वॅटपर्यंत जातो. आय५-१२४०० चे आकडे ६५ आणि ११७. एएमडीच्या रायझेन ५ ५६००जी वर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खोबणीतून, त्याला ८८ वॅटपर्यंत वीज घेता येते. दुसऱ्या टोकाला इंटेलचा एन१०० आहे, टीडीपी फक्त ६ वॅट. एसुस आणि एएसरॉक या कंपन्यांचे मिनी-आयटीएक्स बोर्ड मिळतात, ज्यांवर हा प्रोसेसर डाग देऊन पक्का केलेला असतो आणि वर बिनपंख्याचा हीटसिंक बसवूनच येतो. पहिलाच असा पीसी असेल आणि काम ब्राउझर, कागदपत्रं, सिनेमे, फाइल सर्व्हर एवढंच असेल, तर माझा सल्ला सरळ आहे: असा बोर्ड घ्या आणि कॅबिनेटच्या भोकांकडे लक्ष द्या. हीटसिंक शोधायची गरजच नाही.

त्याहून ताकदवान प्रोसेसर हवा असेल तर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन त्याला लगाम घालायचा. इंटेलच्या बोर्डांवर पीएल१ आणि पीएल२ अशा दोन मर्यादा असतात. पीएल१ म्हणजे सतत घेता येणारे वॅट, पीएल२ म्हणजे थोड्या वेळासाठीची उसळी. हीटसिंक निवडताना हिशोब पीएल१ चा करायचा. एएमडीच्या बोर्डांवर हेच काम पीपीटीची मर्यादा किंवा इको मोड करतो. आय३-१२१००टी सारखे ३५ वॅटचे ‘टी’ प्रोसेसर बहुतेक तयार पीसी बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातात आणि सुटे सहज मिळत नाहीत. त्यांच्यासाठी थांबू नका. साधा १२१०० घेऊन पीएल१ ३५ वर आणलात तर रोजच्या कामात फरक कळणारही नाही. एकच खात्री आधी करा: तुम्ही घेताय त्या बोर्डाच्या बायॉसमध्ये ही मर्यादा बदलता येते ना. काही स्वस्त बोर्डांवर हा पर्याय नसतो.

उसळीची मात्र भीती बाळगू नका. ६०० ग्रॅम ॲल्युमिनियम एका अंशाने तापवायला साधारण ५४० जूल लागतात. प्रोसेसरने मिनिटभर ३० वॅट जास्त घेतले तर ते झाले १८०० जूल, म्हणजे हीटसिंक तीनेक अंशांनीच चढतो. स्क्रीनवर प्रोसेसरचा आकडा लगेच दहाएक अंशांनी उडी मारेल, कारण आतली चिप तेवढीशी असते. पण काम संपलं की तो तितक्याच लगेच खाली येतो. जड हीटसिंकचा हा मोठा फायदा आहे आणि वेबपान उघडणं, फाइल सेव्ह करणं अशी कामं याच उसळीवर चालतात.

दुसरी पायरी: मे महिन्यातल्या दुपारचा हिशोब

हीटसिंकवर छापलेली क्षमता बहुधा २०-२५ अंशांची खोली धरून काढलेली असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर जातो आणि एसी नसलेल्या खोलीत ३८-४० अंश ही रोजची गोष्ट असते. पुण्यातही एप्रिलच्या दुपारी वरच्या मजल्यावरची खोली चांगलीच तापते. हिशोब त्या दुपारचा करायचा. पाच-पन्नास रुपयांचं नव्हे, जरा बरं थर्मामीटर घ्या आणि पीसी जिथे ठेवणार त्या जागेचं तापमान खरंच मोजा.

समजा, प्रोसेसर सतत ३५ वॅट घेणार आहे. वरच्या आय३ आणि आय५ ची कमाल मर्यादा १०० अंश आणि ५६००जी ची ९५ अंश आहे, म्हणून आपण ८५ अंशांचं लक्ष्य ठेवू. खोली ३८ अंश. कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा ८ अंश जास्त धरू. ८५ मधून ३८ आणि ८ गेले, उरले ३९. यातला काही भाग चिपपासून हीटसिंकच्या तळापर्यंतच्या वाटेतच खर्च होतो; पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावायचा उष्णतावाहक लेप) आणि प्रोसेसरचं झाकण मिळून दर वॅटला साधारण ०.३ अंश धरले तर ३५ वॅटला साडेदहा अंश. हीटसिंकच्या वाट्याला उरले साडेअठ्ठावीस. भागिले ३५, म्हणजे दर वॅटला ०.८ अंश. हा तुमचा आकडा. यालाच औष्णिक रोध म्हणतात, आणि तो जितका कमी तितका हीटसिंक चांगला.

हाच हिशोब एसीच्या २४ अंशांच्या खोलीसाठी केला तर उत्तर १.२ येतं. म्हणजे त्याच प्रोसेसरला, त्याच कामाला, उन्हाळ्यासाठी दीडपट ताकदीचा हीटसिंक लागतो. थंड देशात राहणाऱ्या कुणी अमुक हीटसिंकवर अमुक प्रोसेसर आरामात चालतो म्हणून सांगितलं तर ते खरंच असतं, फक्त त्याच्या खोलीपुरतं.

तिसरी पायरी: पृष्ठभाग मोजा

पुष्कळ हीटसिंकच्या माहितीत औष्णिक रोध दिलेलाच नसतो. मग पट्टी घ्या. पंख्याशिवाय, हवेचा आपोआप होणारा प्रवाह आणि उत्सर्जन मिळून धातूचा एक चौरस मीटर पृष्ठभाग दर अंशाला ५ ते १० वॅट टाकतो. ७ धरा. पृष्ठभाग आणि आजूबाजूची हवा यांत ३० अंशांचा फरक असेल तर दर वॅटला साधारण ५० चौरस सेंटिमीटर लागतात. ३५ वॅटला झाले १७५० चौरस सेंटिमीटर.

आता बाजारात मिळणारा एक नमुन्याचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घेऊ: तळ ९५ × ९५ मिमी, ५० मिमी उंचीच्या १२ सरळ फिन्स, म्हणजे तळावर उभ्या असलेल्या धातूच्या पातळ पट्ट्या. एका फिनच्या दोन्ही बाजू मिळून ९५ चौ. सेंमी, १२ फिन्सचे ११४०, मधल्या तळाचे साठेक. एकूण १२०० चौ. सेंमी, म्हणजे आपल्या हिशोबाने २४ वॅट. अशाच आकाराच्या हीटसिंकवर ४५-५० वॅट लिहिलेलं दिसलं तर तो आकडा खोटाच असतो असं नाही. खोली २५ अंशांची धरली आणि प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चढू दिला की तो तेवढा येतो. तुम्हाला तसं चालवायचं आहे का, हे तुम्ही ठरवायचं.

पृष्ठभाग वाढवायला फिन्स दाटीवाटीने लावल्या तर चालतील का? इथे नवशिके हमखास फसतात. पंख्याच्या कूलरमध्ये दोन फिन्समध्ये दीड-दोन मिमी जागा असते आणि पंखा त्यातून हवा ढकलतो. पंखा नसेल तेव्हा प्रत्येक फिनला चिकटून गरम हवेचा एक संथ थर वर सरकत असतो. फिन्स जवळ असल्या की समोरासमोरचे दोन थर एकमेकांना भिडतात आणि मधली हवा जवळजवळ हलतच नाही. पृष्ठभाग आहे, पण कामाचा नाही. या छोट्या हीटसिंकसाठी फिन्समध्ये ६ ते १० मिमी अंतर असावं. नोक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०२१ मध्ये काढलेला एनएच-पी१ बघा: जाड, विरळ फिन्स, सहा हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या), उंची १५८ मिमी, वजन एक किलोच्या वर. तो छोट्या कॅबिनेटात मावणार नाही, पण बिनपंख्याचा म्हणून मुद्दाम घडवलेला हीटसिंक कसा दिसतो ते त्याच्या फोटोवरून डोळ्यांत भरतं. त्याच कंपनीचा एनएच-एल९आय हा बुटका कूलर पंख्यासकट ३७ मिमी आणि पंखा काढला की २३ मिमी. जागेत बसतो म्हणून त्याचा पंखा काढून वापरायचा मोह होतो, पण त्या फिन्स पंख्यासाठीच दाट केलेल्या आहेत. पंख्यासोबतच तो उत्तम काम करतो.

चौथी पायरी: फिन्सची दिशा आणि स्क्रूची भोकं

गरम हवा वर जाते. कॅबिनेट उभं असेल आणि मदरबोर्ड भिंतीसारखा उभा बसणार असेल, तर सरळ फिन्स खालून वर धावल्या पाहिजेत. आडव्या बसल्या तर प्रत्येक फिन तिच्या खालच्या हवेला छप्पर घालते.

हे सांगणं सोपं, बसवताना मात्र भोकं आडवी येतात. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटभोवतीची चार भोकं ७८ मिमीच्या चौरसात आहेत, त्यामुळे हीटसिंक ९० अंशांत फिरवून बसवता येतो. आधीच्या एलजीए१२०० आणि ११५एक्स मालिकेत हा चौरस ७५ मिमीचा होता. तीनच मिलिमीटरचा फरक, पण नवीन ब्रॅकेटशिवाय जुना हीटसिंक बसत नाही. एएमडीच्या एएम४ आणि एएम५ वर भोकं चौरसात नसून ५४ × ९० मिमीच्या आयतात आहेत. तिथे हीटसिंक उलटा फिरवता येतो, काटकोनात फिरवता येत नाही, आणि उलटा फिरवून फिन्सची दिशा काही बदलत नाही. म्हणून एएमडीचा बोर्ड घेणार असाल तर ऑर्डर करण्याआधी बोर्डाच्या फोटोत तो आयत उभा आहे की आडवा ते बघा आणि हीटसिंकच्या फिन्स कुठल्या बाजूला समांतर आहेत ते त्याशेजारी ठेवून ताडा. दोन मिनिटांचं काम आहे.

मदरबोर्ड आडवा झोपलेला असेल तर फिन्सची टोकं छताकडे असतात. मग बाजूंनी थंड हवा आत येते आणि मधून वर जाते. अशा वेळी रॅमच्या उंच पट्ट्या आणि केबलींचे गुंते हीटसिंकच्या उघड्या बाजूंसमोर येऊ देऊ नका. उंच हीटस्प्रेडरवाली रॅम इथे नकोच.

पाचवी पायरी: पुठ्ठ्याचा ठोकळा

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्यातली तपकीर गल्ली, दुकानात हातात घेऊन बघायला मिळतात ते बहुतेक पंख्याचे कूलर. बिनपंख्याचे हीटसिंक मागवावे लागतात आणि परत करताना डोकेदुखी होते. त्यासाठी एक साधा उपाय आहे. हीटसिंकच्या लांबी-रुंदी-उंचीचा ठोकळा पुठ्ठ्याचा करा, सॉकेटवर चिकटपट्टीने बसवा आणि कॅबिनेट बंद करून बघा. ठोकळा रॅमवर येतो का? पीसीआय स्लॉट झाकतो का? बोर्डाच्या विजेच्या कनेक्टरमध्ये केबल घालायला बोटं जातात का? झाकण आणि ठोकळा यांत निदान १० मिमी उरतात का?

आणि झाकणाला सॉकेटच्या बरोबर वर भोकं आहेत का, हे त्या सगळ्यांहून महत्त्वाचं. वरची भोकं खालच्या भोकांशिवाय निकामी असतात; हवा वर जायची तर खालून आत आली पाहिजे. तळाला जाळी आणि निदान सेंटिमीटरभर उंच पाय असलेलं कॅबिनेट निवडा. आपल्याकडे टीव्हीच्या शोकेसमध्ये पीसी सरकवून वर क्रोशाचा रुमाल घालायची सवय आहे. घरातल्यांना आधीच समजावून सांगा की याच्यावर काहीही ठेवायचं नाही.

कॅबिनेटच हीटसिंक असेल तर

सततचे वॅट ३५ ते ६५ मध्ये असतील आणि आकार छोटाच हवा असेल, तर बोर्डावर बसणाऱ्या हीटसिंकपेक्षा स्ट्रीकॉम, एचडीप्लेक्स किंवा अकासा यांच्यासारख्या कंपन्यांचं, जाड ॲल्युमिनियमच्या भिंतींचं कॅबिनेट घ्यावं असं माझं मत आहे. महाग पडतं, पण पैसे योग्य जागी जातात. प्रोसेसरवर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा बसतो, त्यातून हीटपाइप निघून बाजूच्या भिंतीतल्या खाचांत जातात आणि भिंत थेट खोलीच्या हवेत उष्णता टाकते. वरच्या हिशोबातले कॅबिनेटच्या हवेचे ८ अंश इथे वजा करावे लागत नाहीत, हा मोठा नफा.

हीटपाइप म्हणजे बंद तांब्याची नळी. आत कमी दाबाखाली थोडं पाणी. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला ती पुन्हा पाणी होते आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत झिरपत येते. ६ मिमीची एक नळी साधारण ३०-४० वॅट वाहून नेते. चपटी केली किंवा तीव्र वळवली की क्षमता घटते. गरम टोक खाली आणि थंड टोक वर असेल तर काम जास्त सुखाने चालतं. अशा कॅबिनेटात प्रत्येक जोडावर पेस्ट लागते, खाचेत नळी जिथे बसते तिथेही, नळीच्या पूर्ण लांबीवर. घाई इथे करू नका.

घेण्याआधी कंपनीची बोर्डांची यादी बघा. सॉकेट भिंतीपासून किती दूर आहे आणि मधे व्हीआरएमचा, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बोर्डाच्या भागाचा, हीटसिंक उभा आहे का, यावर नळ्या पोचणार की नाही ते ठरतं. उन्हाळ्यात भिंत हात ठेववणार नाही इतकी गरम होऊ शकते. हे बिघाडाचं लक्षण नाही, पण लहान मुलांचा हात पोचेल अशा जागी पीसी ठेवू नका.

तांबं, काळा रंग आणि कोकणातली हवा

तांब्याची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या जवळपास दुप्पट, वजन तिपटीहून जास्त. पंखा नसताना अडतं ते फिनमधून हवेत जाताना, धातूच्या आत नव्हे. म्हणून तांब्याचा तळ उपयोगी, तांब्याच्या फिन्सवर जादा पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

उघडं चकचकीत ॲल्युमिनियम उत्सर्जनाने अगदी थोडी उष्णता टाकतं, ॲनोडाइझ केलेलं, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर ऑक्साइडचा थर चढवलेलं, कितीतरी पट जास्त. काळं की चंदेरी याने फरक पडत नाही, ॲनोडाइझ केलेलं असणं महत्त्वाचं. किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी तर तेच घ्यावं. खाऱ्या दमट हवेत उघड्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते.

बाकीच्या भागांचीही सोय

पंखा गेला की प्रोसेसरसोबत बाकीचेही त्याच्या वाऱ्याला मुकतात. व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बोर्ड घ्या. एनव्हीएमई एसएसडीचा (बोर्डावरच बसणाऱ्या पट्टीसारख्या ड्राइव्हचा) स्लॉट बोर्डाच्या मागच्या बाजूला असेल तर तिथे हवा जवळजवळ नसते. थर्मल पॅड लावून तो कॅबिनेटच्या धातूला टेकवा किंवा केबलने जोडायचा साधा साटा एसएसडी लावून दूर बसवा. पॉवर सप्लाय पंख्याचा घेतला तर सगळी मेहनत वाया. बाहेरचा लॅपटॉपसारखा ॲडॅप्टर आणि आत छोटा डीसी-डीसी बोर्ड हा या पीसीसाठी उत्तम मार्ग, कारण ॲडॅप्टरची उष्णता कॅबिनेटबाहेरच राहते. मायक्रोफोन जवळ असणाऱ्यांसाठी एक सूचना: पंख्याचा आवाज गेला की काही बोर्ड आणि ॲडॅप्टरमधल्या कॉइलची बारीक चीं-चीं ऐकू येऊ लागते. रेकॉर्डिंगसाठी घेताना परत करायची मुदत असलेल्या दुकानातूनच घ्या.

बसवणं आणि परीक्षा

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं तर तळ तिरका बसतो. जड हीटसिंक लावलेला पीसी गाडीतून नेताना बोर्ड आडवा राहील असा ठेवा.

परीक्षा दहा मिनिटांची घेऊ नका. धातू भरपूर आहे, तो सावकाश तापतो. कॅबिनेटसकट सगळं स्थिर व्हायला तास-दीड तास लागतो. विंडोजवर तापमान बघायला एचडब्ल्यूइन्फो आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकायला प्राइम९५, लिनक्सवर त्याच कामांना एलएम-सेन्सर्स आणि स्ट्रेस-एनजी वापरा. झाकण लावून, पीसी नेहमीच्या जागी ठेवून, आकडा वाढायचा थांबेपर्यंत चालवा. खोलीचं तापमानही लिहून ठेवा. मग उन्हाळ्याचा फरक त्यात मिळवा: जानेवारीत २४ अंशांच्या खोलीत ७८ आला असेल तर ३९ अंशांच्या खोलीत तो ९३ च्या आसपास येईल.

आकडा जास्त आला तर लगेच नवा हीटसिंक शोधू नका. आधी झाकण काढून तीच परीक्षा पुन्हा घ्या. दहाएक अंश खाली आला तर दोष हवेच्या वाटेत आहे: भोकं, पाय, केबली, ठेवायची जागा. झाकण काढूनही तसाच राहिला तर हीटसिंक उतरवून पेस्टचा ठसा बघा. ठसा मधोमध आणि सारखा पसरलेला हवा; एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कोरडा असेल तर पुसून पुन्हा बसवा. ठसाही नीट असेल तर पीएल१ पाच वॅटने खाली आणा आणि रोजचं काम करून बघा. ३५ चे ३० झाल्याचं बहुतेक कामांत जाणवत नाही, आणि आपल्या मघाच्या हिशोबाने पाच वॅटमागे साडेपाच अंश उतरतात.